प्रोजेक्टरची खंडेनवमी

धोंडिराम खोत सर विजेचा धडा असा शिकवायचे की मागच्या बाकावरचं झोपाळू पोरसुद्धा ताठ बसायचं. लाल खडूनं धन, निळ्या खडूनं ऋण, आणि मधून धावणारा प्रवाह ते हात हलवून असा दाखवायचे की जणू फळ्यातून आता ठिणगी उडणार. "दिसत नाही, वास नाही, आवाज नाही. पण आहे!" असं म्हणून ते थांबायचे. वर्ग गपगार. प्रयोगाची वेळ आली की मात्र सर म्हणायचे, "प्रयोग मनात करायचा असतो रं. हातानं काय, गवंडीबी करतो." त्या हायस्कुलातल्या बारा वर्षांत सगळे प्रयोग असे मनातच झाले.

इस्लामपूरच्या अलीकडच्या त्या गावात सरांबद्दल एक गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती. घरी दिवा लावायचा तर सर खुर्चीतून हाक मारायचे आणि येसूबाई चुलीपासून उठून येऊन बटण दाबायच्या. मास्तर मंडळी हसायची. "काय थाट हाय! बटणसुदिक बायकोनं दाबायचं." सरही हसायचे. थाट म्हणून खपतंय तर खपू दे, असा त्यांचा हिशेब.

खरी गोष्ट येसूबाईंनाच माहीत होती. सर कॉलेजात असताना चुलत्याच्या विहिरीवर विजेची नवी मोटर बसली. दिवाळीच्या सुट्टीत सर घरी आले होते. सकाळी बैल दगडी डोणीवर पाणी प्यायला गेला, त्यानं तोंड लावलं आणि लावल्या जागी थरथरत उभा राहिला. मग आडवा झाला. चुलता ओरडत बैलाकडं धावला, तेव्हा सरांनी त्याच्या कमरेला मिठी घातली आणि सोडली नाही. चुलता शिव्या देत होता, बुक्क्या मारत होता. चुलता वाचला. पण त्या दिवसापासून सरांचा हात बटणाकडे गेला की कोपरापासून गार पडायचा. विज्ञानाचा मास्तर विजेला भितो, हे कुणाला सांगायचं? सांगून नोकरी कशी करायची?

शहात्तर साली शिक्षण खात्यानं आसपासच्या पाच हायस्कुलांत मिळून भिंतीवर चित्रं पाडणारा एक फिल्मस्ट्रिप प्रोजेक्टर दिला. महिनाभर एका शाळेत, मग दुसऱ्या शाळेत, अशी पाळी. ज्या शाळेत पाळी तिथं पाचही शाळांच्या मास्तरांनी जमायचं, नवीन साधनानं धडा कसा घ्यायचा ते बघायचं आणि आपसात चर्चा करायची. कल्पना चांगली होती. चर्चा मात्र भज्यांबद्दल जास्त व्हायची.

नदीपलीकडच्या शाळेचे नाथाजी सर प्रोजेक्टर वाकळेत गुंडाळून सायकलच्या कॅरियरवर बांधून घेऊन आले. पत्र्याचं जड धूड, वर गरम हवा जायला झरोके, पुढं भिंगाचा डोळा आणि मागं शेपटीसारखी वायर.

"कसं हाय?" धोंडिराम सरांनी लांबूनच विचारलं.

"खणखणीत. करा सही."

"काय खोडबिड?"

"सरकारी मालाला कसली खोड आली गड्या? माणसालाच खोड्या असत्यात." नाथाजी हसले आणि अर्धा चहा बशीत ठेवूनच सायकलवर बसले.

यातही एक रीत होती. ज्याच्या पाळीत खोड दिसली त्याच्या नावावर ती लागायची. म्हणून सरकारी वस्तू एका शाळेतून दुसऱ्या शाळेत जाताना नेहमी ठणठणीत असायची. वर्ष आणीबाणीचं. कुणाची वेतनवाढ कशावरून अडेल याचा नेम नव्हता. हेडमास्तर लालासाहेबांनी तर बजावूनच ठेवलं होतं, "खोत, वस्तू तुमच्या ताब्यात हाय. टवका जरी उडाला तरी बदली पार जतच्या पल्याड. कानडी शिकून घ्या म्हंजे झालं."

पण सरांनी त्यातूनही वाट काढली. शाळेत विजयमाला बाई नव्या होत्या, सांगलीहून ताजं बी.एड. करून आलेल्या. असलं मशीन त्यांनी कॉलेजात चालवलं होतं. सर लालासाहेबांना म्हणाले, "नव्या पिढीनं पुढं यावं. आमी मागनं आधार देतो." लालासाहेबांना वाक्य आवडलं. बाईंना काम आवडलं. सर सुटले. इतकं हलकं त्यांना पगाराच्या दिवशीही वाटलं नव्हतं.

मध्ये खंडेनवमी आली. त्या मुलखात त्या दिवशी सगळी हत्यारं, अवजारं पुजतात. घरोघरी फौजेतून आलेली माणसं, त्यामुळे तलवारीपासून वस्तऱ्यापर्यंत सगळ्याला हळदकुंकू. शाळेत घंटा, सुतारकामाचे रंधे, नकाशे, फुटबॉल, प्रयोगशाळेतल्या परीक्षानळ्या अशी रांग लागायची. विजयमाला बाई तेवढ्या नव्हत्या. दसऱ्याला त्यांच्या वस्तीत धम्मचक्र प्रवर्तनाचा कार्यक्रम असायचा. त्यासाठी त्यांनी नवमीच्या सकाळीच गाडी धरली. शाळेतल्या पूजेला त्या थांबल्या नाहीत, आणि त्यावर कुणी काही बोललंही नाही.

बाकीच्या वस्तूंना सरांनी बोटभर कुंकू लावलं आणि पुढं गेले. प्रोजेक्टरपाशी मात्र पाय अडखळले. पत्र्याचा तो डोळा त्यांच्याकडंच बघत होता. वस्तू आपल्या नावावर आहे, अजून पंधरा दिवस आपल्या छपराखाली राहणार आहे. सरांनी हळद वाहिली, झेंडूची माळ घातली, तरी मन भरेना. येसूबाईंनी देवीसाठी पंचामृत पाठवलं होतं. दही, दूध, तूप, मध, साखर. सरांनी पळी घेतली आणि डोळे मिटून वरून घातलं. एक पळी, दुसरी पळी, मग तांब्याच कलता केला.

सिद्धू शिपाई बघत होता. "सर, झरोक्यातनं आत गेलं की वो."

"जाऊ दे. देवाच्या पोटात गेलं."

सिद्धूनं हात जोडले. देवाचा विषय निघाल्यावर शिपाई काय बोलणार?

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी पाच शाळांच्या मास्तरांचा मेळावा. सकाळी सर लवकर आले, प्रोजेक्टरवरचा भरतकामाचा रुमाल उचलला आणि तसाच हातात धरून उभे राहिले. टेबलाच्या पायावरून तांबड्या मुंग्यांची ओळ वर चढत होती आणि झरोक्यातून आत जात होती. आत. म्हणजे ओल आत आहे. सुकली असती तरी मधसाखरेचा चिकटा तारांवर बसलेला असणार. सरांच्या डोळ्यांपुढं डोण आली. शिकवलेला सगळा धडा एका क्षणात त्यांना समजला.

सांगायला हवं. पण काय सांगायचं? सरकारी मशीनला अंघोळ घातली? आणि का घातली? भ्यालो म्हणून? साताऱ्याहून संस्थेचे साहेब येणार, लालासाहेबांनी नवा कोट घातलेला, चार शाळांचे मास्तर सायकली लावत होते. सरांनी रुमाल पुन्हा अंथरला. वरवरच्याच असतील मुंग्या, असं स्वतःला सांगितलं. मग दुसरा आधार शोधला. वीज दुपारी हमखास जायची. तालुका विजेच्या नावानं बोटं मोडायचा, पण त्या दिवशी एकट्या धोंडिराम सरांनी ती जावी म्हणून जोतिबाला नारळ बोलला.

तेवढ्यात बाई आल्या. गाडीतून उतरून थेट वर्गात. पांढरी साडी, हातात फिल्मस्ट्रिपची डबी.

"सर, मशीन ठीक आहे ना?"

सरांच्या तोंडून नाथाजींचा शब्द आपोआप निघाला. "खणखणीत."

तो निघाल्यावर सरांना तो परत गिळावासा वाटला. पण बाई खिडक्यांना घोंगडी लावायला गेल्या होत्या.

दुपारी वर्ग भरला. घोंगड्यांनी अंधार, भिंतीवर पांढरं धोतर ताणलेलं. साहेब पुढच्या खुर्चीत, शेजारी लालासाहेब. धोंडिराम सर टेबलापासून जमेल तितक्या लांब, पण भिंतीतल्या बटणाजवळ. कारण जागा तिथंच उरली होती. बाईंनी फळ्यावर 'मानवी हृदय' लिहिलं, प्लग बसवला आणि भिंतीवरचं बटण दाबलं. वीज काही गेली नव्हती. मग बाई खडूचे हात माठाजवळ धुवायला गेल्या.

वर्गात कसलासा वास पसरला. दूध करपल्याचा.

लालासाहेबांनी मान वळवली. "सिद्धू, चहा उतू चाललाय बघ."

"चहा अजून ठेवलाच न्हाई सायेब," दारातून सिद्धू म्हणाला.

सर भिंतीला आणखी चिकटले. बाई परत आल्या, हात झटकत, बोटांवरून थेंब पडत होते. "हृदयाचे कप्पे चार," त्यांनी सुरुवात केली आणि ओला हात मशीनच्या कळीकडे नेला.

"बाई, हात लावू नका!"

आवाज इतका चिरका निघाला की साहेब दचकले. बाईंचा हात वीतभर अलीकडं थांबला.

"काय झालं खोत?" लालासाहेब.

"मुंग्या हायत."

वर्ग हसला. कुणीतरी मागून म्हणालं, "मास्तर मुंग्यांना भित्यात काय?" साहेबही हसले. बाईही हसल्या आणि म्हणाल्या, "चावू देत सर," आणि हात पुन्हा पुढं गेला.

मग काय झालं ते सरांना नीट सांगता यायचं नाही. बटणाकडं हात गेलाच नाही. वायरीकडं जाताना बाक आडवा आला, तो लोटला. कुणाच्या तरी पायावर पाय पडला. वायर दोन्ही हातांनी धरून त्यांनी अशी हिसडली की प्लगबरोबर भिंतीतला लाकडी ठोकळाही निघून आला आणि सर ठोकळ्यासकट खाली बसले. कुणीतरी घोंगडं ओढलं. उजेड आला. विज्ञानाचे मास्तर जमिनीवर, मांडीवर ठोकळा, आणि दात वाजताहेत.

"आत पंचामृत हाय," ते म्हणाले. "मी घातलं. तांब्याभर. नवमीला."

आता कुणी हसलं नाही.

बाईंनी स्क्रू काढून मागचा पत्रा उघडला. आत दह्याचा थर, करपून तांबूस झालेला. मुंग्या सैरावैरा. पण बाई बघत होत्या वायरीकडे. आत शिरते तिथं तिचं रबर पार झिजलं होतं, त्यावर धोतराची चिंधी गुंडाळली होती, आणि ती चिंधी पंचामृतात भिजून पत्र्याला चिकटली होती.

"ही चिंधी कुणाची?" बाईंनी विचारलं.

नाथाजी सर खिडकीतून बाहेर बघू लागले. मग हळूच म्हणाले, "आमच्यात मशीन चावलं हुतं एकदा. पोराला न्हाई, मलाच. म्हटलं, गुंडाळावं. पर त्याआदी बी चिंधी हुतीच की वो आत. मी दुसरी घातली."

त्याआधी प्रोजेक्टर ज्या शाळेत होता तिथल्या मास्तरांनी चपलेत पाय घातले.

साहेब म्हणाले, "म्हणजे सगळ्यांना माहीत होतं." आणि लालासाहेबांच्या नव्या कोटाकडं बघत राहिले. मशीन सांगलीला दुरुस्तीला न्यायचं ठरलं. सरांचं काय, ते साताऱ्याहून कळणार होतं.

संध्याकाळी बाई मशीन घेऊन गाडीला निघाल्या. वायर गुंडाळून पोत्यात घातलेलं धूड सरांनी खांद्यावर घेतलं. थांब्यावर बाई म्हणाल्या, "मुंग्या कधी बघितल्या?"

"सकाळी."

"मी विचारलं तेव्हा?"

"त्याच्या आदी."

बाईंचा चेहरा असा झाला की सरांनी पोतं या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं. "माझी आई आहे घरी," त्या म्हणाल्या. "तिला कुणी काय सांगितलं असतं?"

"भ्यालो, बाई."

"करंटला?"

"करंटला तर हायच. पर सकाळी..." सरांनी पोत्याचं तोंड मुठीत आवळलं. "सकाळी तुमा सगळ्यांना भ्यालो. हसशीला म्हणून."

बाई रस्त्याकडं बघत राहिल्या. माफ केलं असं त्या म्हणाल्या नाहीत, आणि सरांनी ते मागितलंही नाही. गाडी आली. बाई पुढं जाऊन बसल्या. सर पोतं घेऊन मागच्या दारानं चढले. कंडक्टरनं तिकिटाची पेटी सरकवून जागा केली.

"मास्तर, फुटण्यासारखं हाय काय ह्यात?"

"फुटायचं न्हाई," सर म्हणाले. "पर आतली वायर उघडी हाय. दही सांडलंय. मुंग्या बी हायत, अंगावर येतील. वरनं पाण्याचा थेंब पडू देऊ नका, आनि सांगलीत उतरवताना ज्याच्या हातात द्याल त्याला हे समदं सांगा."

कंडक्टरनं एकदा पोत्याकडं बघितलं, एकदा सरांकडं, आणि आपली पेटी उचलून गाडीच्या पार पुढच्या टोकाला नेऊन ठेवली.