टाकीवर हात ठेवणारे उत्तमआप्पा

उत्तमआप्पांची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नव्हतं. वडील गेल्यावर जालना जिल्ह्यातल्या आमच्या गावाहून त्यांची 'हंस' मी टेम्पोत घालून सुरतेला आणली होती. हंस म्हणजे एकेकाळी खेड्यापाड्यांत दिसणारी, निळा धूर सोडत जाणारी मोटरसायकल. ती काढणारा कारखाना कधीच बंद पडला. गाड्या मात्र आमच्यासारख्या हट्टी माणसांमुळे टिकल्या. सुरतेच्या पर्वत पाटिया भागात साड्यांचे नमुने काढणारा मी, मला रंगापलीकडे काय कळणार? लिंबायतमधल्या आप्पांच्या गॅरेजात मी ऐटीत सांगितलं, "इंजिनाचं तुम्ही बघा, टाकी मी लालबुंद रंगवून घेतो." टाकीच्या दोन्ही बाजूंना रंग घासून गेला होता. आप्पा त्या जागांवरून बोटं फिरवत राहिले. मग म्हणाले, "रंग मारू नको, भो. आठे तुन्हा बापना गुडघा शे."

आप्पा धुळ्याकडचे, मी मराठवाड्यातला. अहिराणी मला तेव्हा अर्धीमुर्धीच कळायची. हे वाक्य मात्र पूर्ण कळलं, इथे तुझ्या बापाचा गुडघा आहे, आणि रिक्षांच्या त्या कलकलाटात मला रडू आलं. टाकी आजही तशीच आहे.

तीस वर्षं आप्पांनी यंत्रमागाच्या कारखान्यात फिटरचं काम केलं आणि जेवणाच्या सुट्टीत लोकांच्या गाड्या दुरुस्त केल्या. निवृत्तीनंतर गाड्याच उरल्या. त्यांची तपासणीची पद्धत आम्हा हंसवाल्यांच्या सगळ्या मंडळाला ठाऊक आहे. पान्याआधी हातात यायचा तो लांब स्क्रूड्रायव्हर. त्याचं टोक इंजिनावर, मूठ कानाशी, डोळे मिटलेले. अशा वेळी आप्पा गॅरेजात नसायचेच. कुठल्यातरी शांत, दूरच्या ठिकाणी जाऊन बसल्यासारखा त्यांचा चेहरा व्हायचा आणि आम्ही गिऱ्हाइकंही आपोआप हळू बोलायला लागायचो. परत आले की दोन शब्दांत दुखणं सांगायचे. ते चुकल्याचं मला आठवत नाही.

यातूनच आमच्या मंडळाचा एक रिवाज पडला. वर्षातून एकदा, हंसच्या वाढदिवशी, म्हणजे पहिली हंस कारखान्यातून बाहेर पडली त्या तारखेला, आप्पांनी स्टुलावर पाठ करून बसायचं, मागे एकेक गाडी सुरू करायची आणि नुसत्या आवाजावरून आप्पांनी मालकाचं नाव सांगायचं. टाळ्या, मग फाफडा-जिलेबी.

गेल्या दिवाळीनंतर एका दुपारी मी गॅरेजात गेलो, तर आप्पांनी स्क्रूड्रायव्हरची मूठ दातांत धरलेली. मला बघून दचकले. मग हसून म्हणाले, "कान गयात, भो. दात शेतस अजून. कोणले सांगू नको." मागांच्या खडखडाटाने आयुष्यभर पोसलं आणि शेवटी कान नेले. घरात सुनेचं बोलणं पोचत नाही, नातीचं गाणं पोचत नाही. इंजिन तेवढं दातांतून आत येतं, असं ते म्हणाले. लोकांना कळलं तर बहिऱ्या मिस्त्रीकडे गाडी कोण सोडणार, ही त्यांची भीती होती. गाड्या थांबल्या असत्या तर आप्पांच्या जगात आवाजच उरला नसता.

यंदा हंसला पन्नास वर्षं झाली आणि आप्पांना पंचाहत्तर. मंडळाचा चिटणीस मीच, तेव्हा डोकंही मीच चालवलं. गाड्यांचा क्रम आधी ठरवला, यादी लिहून आप्पांना दिली. गाडी सुरू झाली की मी समोरून डोळे मिचकावायचे, आप्पांनी पुढचं नाव घ्यायचं. त्यांना हे आवडलं नव्हतं, पण भीतीपोटी शाळकरी पोरासारखी यादी पाठ केली.

इच्छापोरकडच्या मोकळ्या मैदानात त्या सकाळी दाट धुकं होतं. धुक्यात टू-स्ट्रोकचा धूर मिसळला आणि माणसं कमरेपासून वरच दिसायला लागली. गाड्यांची फटफट लांब पाण्याखालून आल्यासारखी वाटत होती. स्वप्नात असावी तशी ती सकाळ होती. पाच नावं बरोबर आली. सहावी गाडी हसमुखभाईंची. जुन्या हंसवर भरवसा ठेवून बेत आखणारा माझ्याइतका मूर्ख दुसरा नसेल! किकवर किक. "चालू नथी थती, बॉस!" हसमुखभाई ओरडले. तेवढ्यात सातव्याने उतावीळपणे आपली गाडी सुरू केली, धूर माझ्या डोळ्यांत गेला आणि डोळे आपोआप मिचकावले गेले.

"हसमुखभाई!" आप्पांनी खणखणीत आवाजात सांगितलं.

आप्पांनी थट्टा केली असं वाटून सगळे हसले. वेळ मारून नेण्यासाठी मीही हसलो. आप्पांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि स्टुलावरून उठले.

"हसू नका. माले आयकू येत नही. मी खोटं बोलनू."

एकेक करून गाड्या बंद झाल्या. माझ्या अक्षरातली यादी आप्पांच्या खिशात होती. तिचं नावही त्यांनी काढलं नाही. ते हसमुखभाईंच्या गाडीपाशी बसले, स्क्रूड्रायव्हरची मूठ दातांत धरली, किक मारायची खूण केली. दोनदा मारून घेतली, प्लग काढून पुसला, पुन्हा बसवला. तिसऱ्या किकला गाडी बोलली. मग हसमुखभाईंनी मालकांना बाजूला केलं, धुक्यात बुडालेली शेजारची गाडी सुरू केली, आप्पांना हाताला धरून तिच्यापाशी नेलं, त्यांचा तळवा धडधडत्या टाकीवर ठेवला आणि बोटांनी विचारलं, कोणाची? आप्पांनी डोळे मिटले. नाव बरोबर आलं. पुढचंही. सगळ्या गाड्या अशाच झाल्या, आणि टाळ्या वाजवायचं कोणाला सुचलं नाही. आज त्यांच्या गॅरेजात पूर्वीपेक्षा जास्त गाड्या उभ्या असतात.

सत्कारासाठी लाउडस्पीकर सांगायला निघालेल्या मंडळींना हसमुखभाईंनीच थांबवलं. ज्यांना ऐकूच येणार नाही त्यांच्यापुढे भाषणं काय करायची? म्हणून मंडळाने छापलेला हा गौरव अंक, मोठ्या टायपात. आप्पा ओळीखाली बोट धरून वाचतात, सावकाश, आणि एक शब्द सोडत नाहीत.

आप्पा, तुमचं बोट इथवर आलं असेल तर थोडं थांबा. यादी माझी होती. तुम्ही खोटं स्वतःच्या अंगावर घेतलंत आणि मी गप्प राहिलो. मंडळातल्यांना हे आज, तुमच्याबरोबरच कळतं आहे. तुमच्या पंचाहत्तरीला माझ्याकडे याहून खरं काही नाही. तुम्ही भरपूर जगा, ठणठणीत राहा आणि आमच्या गाड्या तुमच्या हाताखालून जात राहोत. वाचून झालं की वर बघा. मी समोरच उभा आहे. माफ केलं असेल तर नुसती मान हलवा.