चौथ्या ठोक्यावरचा नवरा

नवऱ्याच्या नागपुरातल्या, मिहानमधल्या कंपनीच्या वार्षिक कार्यक्रमात आम्ही दोघं साल्सा करणार, हे त्याने मला न विचारताच ठरवलं होतं. ऑफिसात सांगूनही झालं होतं. मला कळलं ते एका रविवारी गाडीची किल्ली वाजवत तो दारात उभा राहिला तेव्हा.

क्लास धरमपेठेत, एका कोचिंगवाल्याच्या हॉलमध्ये. बाकं भिंतीला सारायची, फळ्यावरची रसायनशास्त्राची समीकरणं तशीच ठेवायची आणि त्यांच्यासमोर आम्ही सात-आठ पोटं सुटलेली जोडपी कंबर हलवायचा प्रयत्न करणार. शिकवणारे सर तिशीतले, डोळे मिटून ‘मॅम, फील द म्युझिक’ म्हणायचे. कसलं फील करणार, कपाळ? भर मे महिना, आणि खिडकीतला कूलर असा घरघरायचा की शेजारच्याचं बोलणं ऐकू येऊ नये. त्याच्यावर मात करायला सर घसा फोडून ‘वन टू थ्री, फाइव्ह सिक्स सेव्हन’ ओरडत. गाण्यावर कुणीच नाचत नव्हतं. सगळे सरांच्या घशावर नाचत होते.

साल्साच्या वर्गात मधूनमधून जोडीदार बदलायचा असतो. सर ‘चेंज’ म्हणत आणि आमच्याकडचे नवरे आपापल्या बायकोचा हात, बसस्टँडवर बॅग धरावी तसा, आणखी घट्ट धरत. शेवटी सरांनी नाद सोडला. मग प्रत्येक बाई आपल्याच नवऱ्याच्या चुका इमानदारीने शिकत राहिली.

माझ्या वाट्याला आलेली चूक अशी, की गाणं लागलं रे लागलं की नवरा भलत्याच ठिकाणी पाऊल टाकायचा. मी सरांच्या आकड्यांवर जायला बघायची, तो मला ओढायचा, गुडघ्यावर गुडघा आदळायचा. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं तो म्हणायचा, “तुले तालच नाही वं! मी काय करून राहिलो ते पाह्य ना!”

बाकीचे नवरे हसत. त्यांना स्वतःला काय येत होतं देव जाणे. पण दर रविवारी तेच ऐकून मला ते खरं वाटायला लागलं होतं. एका रविवारी घरी परतताना तो म्हणाला, “तुह्याच्यानं नाही होत. ऑफिसातल्या एखादीले घेतो मी.” साल्सा गेला खड्ड्यात, पण मला ताल नाही हे त्याच्या कंपनीभर पसरावं, हे मला फार लागलं.

पुढच्या रविवारी ऐन क्लासमध्ये वीज गेली. कूलर थांबला. सर मीटर बघायला खाली धावले. पुरुष मंडळी गॅलरीत जाऊन, शर्टाची बटणं सोडून, वीजवाल्यांचा उद्धार करू लागली. स्पीकर तेवढा बॅटरीवर चालू राहिला.

आणि इतक्या रविवारांत पहिल्यांदा मला गाणं ऐकू आलं. लाकडावर लाकूड वाजत होतं, त्याखाली काहीतरी जाड, खोल चालत होतं. बोलणारा माणूस श्वास घेऊन नवं वाक्य सुरू करतो तसं सगळं एका जागी पुन्हा सुरू व्हायचं. तोच पहिला ठोका. तिथून तीन पावलं टाकायची आणि चौथ्यावर थांबायचं. नेमक्या त्या थांबायच्या जागी ढोलकं मोठ्याने ‘धप-धप’ करायचं.

नवरा त्या धपवर निघत होता! जन्मभर वरातींत नाचलेला माणूस. कूलरच्या आवाजातून त्याला तेवढंच ऐकू यायचं आणि जिथे गप्प उभं राहायचं तिथेच त्याचा पाय पडायचा. मी फळ्यासमोर एकटीच नाचून पाहिलं. गाणं संपेपर्यंत एकदाही चुकले नाही. आनंद झालाच, पण त्याहून जास्त संताप आला.

वीज आली, कूलर गुरगुरला, सर वर आले, नवरा मान पुसत आला. गाणं लागलं. धप झालं, तो निघाला. मी हलले नाही.

“काहून थांबली वं?”

“तुम्ही चौथ्यावर निघून राहिले. पहिला यायचाच आहे अजून.”

“सर, सांगा हिले,” तो म्हणाला.

सरांनी मोबाइलमध्ये बघत सांगितलं, “मॅम बरोबर आहेत, काका. तुम्ही सुरुवातीपासून चौथ्यावरच निघता.”

सुरुवातीपासून! म्हणजे या इसमाला सगळं दिसत होतं आणि माझा उद्धार होत असताना तो डोळे मिटून म्युझिक फील करत होता.

“ऑफिसातल्या एखादीलेच घ्या तुम्ही,” मी नवऱ्याला म्हणाले आणि हात सोडवून घेतला. “चेंज.”

नवऱ्यांच्या मुठी आवळल्या. मग शेजारच्या बाईने स्वतःच्या नवऱ्याच्या मुठीतून बोटं काढली आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

“मले बी सांग वं, निघायचं कुठून?”

“आधी तो कूलर बंद कर,” मी म्हणाले.