आधी सांग, मग कपडे

गुणाबाईकडे माझं पहिल्यांदा लक्ष गेलं ते तिच्या हातावरच्या घडीमुळे. सन १९७३, दिवाळीनंतरचा आठवडा. भिवंडीत आमच्या शाळेमागच्या गल्लीत जो दवाखाना होता, त्याच्या खाटेवर मी उपाशीपोटी बसले होते. छातीत गाठ आली होती, ती काढायची होती. दारात एक उंच, काळीसावळी आया उभी. डाव्या हातावर दवाखान्याच्या पांढऱ्या कपड्यांची घडी. ते कपडे मला घालायचे होते, हे कळत होतं. मी हात पुढे केला. तिने घडी दिली नाही.

"आदी सांगा बाई," ती म्हणाली, "डॉक्टर तुमचं काय करनार हायेत?"

मला वाटलं, हिला ठाऊक नसेल. म्हटलं, "गाठ काढणार."

"नि गाठ वंगाळ निघाली तर?"

मी पदराची पिन चाचपली.

"तर गाठीवर भागवनार का सगळंच काढनार? इचारलंत?"

"भाऊला सांगितलंय डॉक्टरांनी. तो म्हणाला, किरकोळ आहे."

भाऊ माझा थोरला सख्खा भाऊ. माझं लग्न झालं नव्हतं, आम्ही दोघंच राहत होतो. तपासणीच्या दोन्ही वेळा डॉक्टर त्याच्याशीच बोलले होते, मी शेजारी बसलेली असताना. त्यात काही वावगं आहे, असं मलाही वाटलं नव्हतं. भूमिती शिकवणारी बाई मी, पण स्वतःच्या शरीराबद्दल एक प्रश्न मला सुचला नव्हता.

गुणाबाई म्हणाली, "भावाला सांगितलं, ते बेस केलं. पन अंग भावाचं हाय का?"

आणि घडी हातावर तशीच ठेवून ती डॉक्टरांना बोलवायला गेली. डॉक्टर आले ते जरा कपाळाला आठ्या घालूनच. "काय हो, गुणाबाईंनी परीक्षा घेतली वाटतं?" पण ते स्टुलावर बसले. मी माझ्या स्वतःच्या साडीत, पदराला पिन लावून, त्यांच्यासमोर बसले होते. सात-आठ प्रश्न विचारले. गाठ वाईट निघाली तरी त्या दिवशी जास्तीचं काही करायचं नाही, मला शुद्ध आल्यावर आधी मला सांगायचं, असं ठरलं. डॉक्टर गेल्यावर गुणाबाईने ते सगळं माझ्याकडून पुन्हा म्हणवून घेतलं आणि मगच घडी माझ्या मांडीवर ठेवली. गाठ साधी निघाली. चौथ्या दिवशी मी घरी आले.

टाके काढायला गेले तेव्हा तिला विचारलं, "कपडे आधी का नाही दिलेस गं?"

ती फरशी पुसत होती. मान वर न करता म्हणाली, "सतरा सालं बगते, बाई. बाई तिच्या लुगड्यात असंल तर 'न्हाय' म्हनंल, भांडंल, घरी जाईल. दवाखान्याचं कापड अंगावर घातलं की कोनी 'न्हाय' म्हनत न्हाय. काय पन इचारा, हो. मंग त्या हो ला काय अर्थ?"

दिघाशीची ही विधवा बाई. अंगठा उठवणारी. पदरात एक मुलगा. हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. पंधरा वर्षं मी वर्गात "समजलं का?" विचारत होते आणि चाळीस मुलं "होऽऽ बाई" म्हणत होती. त्या सोमवारपासून मी तो प्रश्न टाकून दिला. एखाद्याला उभं करायचं आणि म्हणायचं, तू सांग. निम्म्यांना काहीच समजलेलं नसायचं.

तिच्या या पद्धतीला दवाखान्यात सगळे हसत. दुसरी आया कमळ म्हणायची, "हिचं कोर्टच असतंय." पण खेड्यांतून येणाऱ्या बायका आल्या आल्या "गुणामावशी हाय का?" असंच विचारत.

आता १९७६ बद्दल लिहिते. ते लिहायला मला बरं वाटत नाही, पण ते गाळलं तर गुणाबाई अर्धीच राहील.

त्या वर्षी, आणीबाणीत, कुटुंबनियोजनाच्या शस्त्रक्रियांसाठी शिक्षकांनाही केसेस आणायला लावलं होतं. आमच्या शाळेत माणशी दोन. न आणल्यास बदली, आणि बदली म्हणजे दूर डोंगरातला मोखाडा. भाऊला आदल्या वर्षी अर्धांगवायू झाला होता. त्याला मीच भरवत होते, मीच उठवत-बसवत होते. माझी एक केस झाली होती, चार मुलांचे वडील, आपणहून आलेले. दुसरी मिळेना.

मग मला ठकुबाई आठवली. माझ्या वर्गातल्या तुळजाची आई. भिवंडीजवळच्या कोन गावात राहायची. नवरा दामू लूमवर, म्हणजे यंत्रमागावर कामाला, ती स्वतः कारखान्यात कांड्यांवर सूत भरायची. वय पंचवीस-सव्वीस, पदरी दोन मुली. मी तिच्या घरी दोनदा गेले. तुळजाच्याच पाटीवर चित्र काढलं. या दोन नळ्या, या अशा दोऱ्याने बांधतात, झालं. दहा मिनिटांचं काम. दुखत नाही फारसं.

आणि मी विचारलं, "समजलं ना?"

"हो बाई," ठकुबाई म्हणाली.

तीन वर्षांपूर्वी टाकून दिलेला प्रश्न मी त्या दिवशी उचलला. मला उत्तर नको होतं, मला हो हवा होता. हे तेव्हाही मला कळत होतं.

शिबिराच्या दिवशी दवाखान्याच्या पडवीत बावीस बायका भिंतीला टेकून बसल्या होत्या. डॉक्टर बाहेरून आले होते. क्लार्क टेबल टाकून बसला होता, त्याला सगळे तात्या म्हणत. अंगठ्याला शाई, कागदावर अंगठा, पुढची. घाई इतकी की कमळने सगळ्यांना आधीच दवाखान्याचे कपडे घालून ठेवले होते. प्रत्येकीचं स्वतःचं लुगडं गाठोडं करून तिच्यामागे भिंतीशी. ठकुबाईचा अंगठाही झाला होता. मी तिच्या शेजारी उभी होते. वहीत माझ्या नावापुढे दोन लिहिलं गेलं की मी सुटणार होते.

गुणाबाई शस्त्रक्रियेच्या खोलीच्या दारात होती. मला बघून हसली. "बाई, ही तुमची का?"

मी मान हलवली.

ती ठकुबाईसमोर उकिडवी बसली. "सांग बाय, तुला आत नेऊन काय करनार?"

ठकुबाईने माझ्याकडे पाहिलं. "बाईंनी सांगितलंय सगळं."

"त्यांनी काय सांगितलं ते मी त्यांना इचारीन. तू सांग."

"दोरा बांधनार."

"मंग?"

"मंग काय. दोन सालांनी यायचं सोडवायला. तवर तुळजा मोठी होईल, मंग पोराचं बगू." तिला हे उघडच वाटत होतं. "कांडीवर बांधतोच की आमी. नको तवा सोडतो."

पाटीवर दोरा मीच काढला होता. दिवसभर सुताला गाठी मारणाऱ्या आणि सोडणाऱ्या बाईपुढे मी दोरा काढला होता, आणि तो सुटत नाही हे सांगितलं नव्हतं.

गुणाबाईने माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत राग असता तर सोपं गेलं असतं. "बाई," ती हळू म्हणाली, "तुमी सांगता का मी सांगू?"

मी फरशीवर बसले आणि सांगितलं. हे सुटत नाही. कधीच. यापुढे मूल होणार नाही, मुलगी नाही, मुलगा नाही.

ठकुबाईने शाईचा अंगठा अंगावरच्या पांढऱ्या कापडाला पुसला. मग म्हणाली, "बरं."

"बरं म्हंजे काय?" गुणाबाईने विचारलं.

"आता काय मावशी. अंगठा दिला. कापड बदललं."

गुणाबाई उठली. भिंतीशी असलेलं ठकुबाईचं गाठोडं उचललं, सोडलं, आणि हिरवं लुगडं तिच्या मांडीवर ठेवलं. "हे नेस आदी. मंग बोलू."

"गुणाबाई!" तात्या टेबलामागून ओरडला. "आत डॉक्टर खोळंबलेत! इथं काय लुगड्यांचं दुकान मांडलंय?"

"मांडलंय तात्या. तुमच्या मापाचं न्हाय."

पडवीतल्या दोघी-तिघी हसल्या. सकाळपासून तिथे कोणी हसलं नव्हतं. गुणाबाईने एक चादर दोन्ही हातांनी ताणून आडोसा धरला आणि तात्याकडे पाठ करून उभी राहिली. मागे ठकुबाई लुगडं नेसत होती. वेळ लागत होता. चादरीखालून तिची पावलं तेवढी दिसत होती. आतून डॉक्टरांचा आवाज आला, "काय चाललंय बाहेर?" गुणाबाईने चादर हलू दिली नाही. तिला नोकरी हवी होती. मुलाचं लग्न व्हायचं होतं.

ठकुबाई बाहेर आली. काष्टा घट्ट, पदर डोक्यावर. तीच बाई, पण वेगळीच उभी होती.

"आता सांग," गुणाबाई म्हणाली.

ठकुबाईने आधी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "न्हाय बाई. मला न्हाय करायचं." आणि एकदम माझे हात धरले. "रागावू नका. माज्या तुळजाला मारू नका."

मी आयुष्यात कुठल्याही मुलावर हात उगारला नाही. पण ते तिला कसं ठाऊक असणार? मी तिच्या ओट्यावर बसून चित्र काढत होते तेव्हा तिला माझ्या हातातली पेन्सिल दिसत नव्हती, तिची मुलगी दिसत होती. तिचा हो कुठून आला होता ते मला तेव्हा कळलं. मी नुसती मान हलवली.

डॉक्टर बाहेर आले, गुणाबाईला चार माणसांत बोलले, आणि "नाव कापा" म्हणून आत गेले. तात्याने तिरीमिरीत अंगठ्यावर रेघ मारली. ठकुबाई पायऱ्या उतरून गेली. उरलेल्या बायका बघत होत्या. त्यांतल्या एकीने हात मागे नेऊन आपलं गाठोडं पुढे ओढलं. मग दुसरीने. गुणाबाईने चादरीची घडी घातली आणि त्या पहिलीसमोर जाऊन बसली. "सांग बाय." त्या दिवशी बावीसपैकी पंधरा आत गेल्या, आणि त्या पंधराजणी काय होणार ते सांगून गेल्या.

दुसऱ्या दिवसापासून गुणाबाईला वॉर्डातून काढून धुण्याच्या खोलीत टाकलं. माझा बदलीचा हुकूम महिन्याने आला. मोखाड्याला सात महिने काढले. भाऊला शेजारच्या सुचेताने सांभाळलं, तिचे उपकार वेगळेच. निघण्याआधी मी धुण्याच्या खोलीत गेले. काय बोलायचं ते ठरवून गेले होते, पण तिने बोलू दिलं नाही. "बाई, तुमी खाली बसून सांगितलंत," ती म्हणाली. "डॉक्टर लोक उभ्यानं सांगतात." एवढंच. मोखाड्याच्या एस.टी.त मी त्या एका वाक्यावर बसून राहिले.

पुढच्या वर्षी आणीबाणी उठली, सगळं पालटलं. मी परत आले, तीही वॉर्डात परत आली. ठकुबाईला तिसरीही मुलगीच झाली. १९७९ च्या उन्हाळ्यात ती कोनहून एकटी, कोणी न आणता, शस्त्रक्रियेसाठी आली. दारात गुणाबाई उभी, हातावर घडी. ठकुबाईने विचारायची वाटच पाहिली नाही. "बांधनार नि कापनार," ती म्हणाली, "परत सुटनार न्हाय. दे ती कापडं." हे मला ठकुबाईनेच सांगितलं, हसत, तुळजाचा निकाल न्यायला आली तेव्हा.

गुणाबाई आता दिघाशीला मुलाकडे असते. पंचाहत्तरी उलटली. गुडघे गेले आहेत, आंघोळीला सून लागते. लुगडं मात्र तिचं तीच नेसते.