वीस सेकंदांची वाट

“अरे, आले आले म्हणून ओरडले ना मी! अख्ख्या हॉलनं ऐकलं. तुझ्या त्या नावं पुकारणाऱ्या मशीननंच तेवढं ऐकलं नाही.”

“मशीनला कान नसतात, मावशी.”

“मग हाक कशाला मारतं मेलं? ज्याला ऐकू येत नाही त्यानं दुसऱ्याला बोलावू नये.”

भाच्याच्या हातात दवाखान्याचा कागद होता. त्यावर एकाखाली एक तीन तारखा, आणि तिन्हींपुढे एकच शब्द, गैरहजर. तीनदा गैरहजर लागलं की नाव यादीच्या तळाला. मावशीचं नाव तळाला गेलं ते पाच महिन्यांनी वर आलं. तोवर काचबिंदूनं उजवा डोळा गिळला होता. गेलेली नजर परत येत नाही, असं डॉक्टरीणबाईंनी कालच सांगितलं. आता उरला डावा. त्याची तारीख परवाची.

मावशी शिवणकाम करणारी. आई गेल्यावर भाचा तिच्याच शिलाई मशीनपाशी वाढला, कापडाच्या चिंध्यांत झोपला, शिकला, प्रोग्रामर झाला. त्याच्या बापजन्मी कुणी केलं नव्हतं ते काम. एका झटक्यात सुईत दोरा ओवणारी ही बाई आता सुई खिडकीसमोर धरून चाचपडत होती.

“तीनदा गप्प कशी बसलीस? एरवी भाजीवालीशी अर्धा तास भांडतेस!”

मावशीनं दोऱ्याचं टोक जिभेवर ओलं केलं. “भांडू कशी? बाकावरच्या साऱ्या बायांना आधीच सांगून बसले होते, हे मशीन माझ्या भाच्यानं केलंय म्हणून. त्यालाच शिव्या घालू? म्हटलं, चुकलं असेल आपल्याच गुडघ्यांचं.”

त्यापेक्षा तिनं एक मुस्काटात दिली असती तर बरं झालं असतं.

आठ वर्षांपूर्वी त्या दवाखान्यात नावं पुकारायला एक शिपाईमामा होता. आवाज असा, की भिंतीचा चुना गळावा. भाचा तेव्हा नवा कोरा. वही घेऊन त्याच्यापुढे बसला.

“अवघड काही नाही साहेब,” मामा म्हणाला, “हाक मारायची आणि वाट बघायची.”

“किती वाट बघायची?”

“येईपर्यंत.”

“तसं नाही हो मामा, आकडा सांगा.”

“आकडा कसला? माणूस ‘आलो’ म्हणालं की आलंच ते. पाय काय, मागून येतात.”

खरंच होतं ते. आपल्याकडं माणूस बूड हलवायच्या आधी ‘आलो’ म्हणतं, आणि ऐकणारा ते खरं धरतो. पण भाचा हसला. बाकापासून खिडकीपर्यंत स्वतःच चालून बघितलं. नऊ सेकंद. मोठ्या मनानं त्याची दुप्पट केली, वर दोन टाकले आणि लिहिलं, वीस. तेवढ्यात खिडकीशी पोचलं नाही की मशीन गैरहजर लावून पुढचं नाव पुकारणार. वय तेव्हा सव्वीस, गुडघेही सव्वीसचेच. मामाला फायली वाहायला धाडलं. भाच्याला टाळ्या मिळाल्या.

“मावशी, जरा उठ. दारापर्यंत चालून दाखव.”

“आता ही कसली परीक्षा?”

“उठ तर.”

त्यानं मोबाइलवर घड्याळ लावलं. मावशी सवयीनं “आले” म्हणाली. मग चष्मा शोधला, शिलाई मशीनवर हात टेकून उठली, एक चप्पल पायात अडकवली, दुसरी पायानंच चाचपली, पिशवी विसरली म्हणून मागे वळली. दाराशी पोचली तेव्हा एक्कावन्न सेकंद झाले होते. आणि दार त्या खिडकीपेक्षा जवळ होतं.

“पहिली आले का मी?” मावशीनं धापा टाकत विचारलं.

त्याला हसता येईना. “परवा मी येतो. हात धरून नेतो तुला.”

“ये की. पण शेजारी एक काठीवाल्या आजी बसतात. त्यांचा भाचा दुकानात असतो, त्याला मशीन करता येत नाही.”

ऑफिसात पोचल्या पोचल्या भाच्यानं आठ वर्षांच्या नोंदी उघडल्या. गैरहजर, गैरहजर, पानंच्या पानं. पुकारलेल्या दर नऊ माणसांत एक. वर मागच्या वर्षी त्यानंच अहवालात लिहिलेलं वाक्य, ‘रुग्णांना वेळेचं भान नाही.’ ती माणसं तिथंच होती, उठत होती. कुणी काठी शोधत होतं, कुणी चप्पल.

“तक्रार आलीय का कुणाची?” त्यानं पुढं ठेवलेल्या नोंदी बघून साहेबांनी विचारलं.

“नाही.”

“मग झालं तर! कुठं दुखतंय?”

“ज्यांना दुखलं ते आपल्या गुडघ्यांना दोष देऊन घरी गेले, साहेब.” मग त्यानं मावशीचं सांगितलं, डोळ्याचंही. साहेबांनी चहाचा कप खाली ठेवला.

“बरं, वीसचे किती करायचे?”

“आकडाच नको. खिडकीवरच्या बाईला एक बटण देतो. ‘आले’ ऐकू आलं की दाबायचं. मग माणूस पोचल्याशिवाय पुढचा नंबर नाही.”

साहेब हसले. “आणि वाट किती बघायची तिनं?”

हे हसू भाच्याच्या ओळखीचं होतं. आठ वर्षांपूर्वी ते त्याच्याच तोंडावर होतं.

“येईपर्यंत,” तो म्हणाला.

साहेबांनी मान डोलावली. पटलं म्हणून की सुटका म्हणून, कुणास ठाऊक. “परवाच्या आत होत असेल तर कर.”

झालं असतं ते केव्हाही. दीड दिवसाचं काम. पाच महिन्यांपूर्वीही दीडच दिवसाचं होतं. भाच्यानं खुर्ची ओढली, जुनी फाइल उघडली. ‘वीस’च्या ओळीशेजारी करणाऱ्याचं नाव होतं, त्याचंच. आधी तो आकडा खोडला, आणि बटणाच्या कामाला लागला.