सोळा अँपिअरचे मामा

वायरीवर माझ्या थोरल्या मामांइतकं प्रेम केलेला माणूस आख्ख्या हिंगोली जिल्ह्यात झाला नसेल. माणसांवरही त्यांनी केलं, पण ते वायरीमार्गे. पुसेगावात त्यांचं कापडाचं दुकान होतं, आणि धोतराचा पोत पाहावा तशी ते परक्या घरातली वायर चिमटीत धरून पाहत. गरम लागली की चहाचा कप खाली ठेवून विचारत, "लेकरं झोपतात ना इथं?" आमच्याकडे फ्यूज उडाला की तारेचे दोन पदर जास्त घालायचे, आणि पुढे एमसीबी, म्हणजे भार वाढला की आपोआप पडणारे खटके, आले तेव्हा खटका सारखा पडतो म्हणून मोठा बसवायचा, अशी सर्वमान्य पद्धत होती. मामा चिडत. "खटका वायरीला सांभाळाया असतो, तुमच्या कूलरला न्हाई. बारीक वायरीवर मोठा खटका, म्हंजे राखणदाराला झोपेची गोळी!" स्वतःच्या घरातली बारीक वायर बदलायला मात्र त्यांना गावच्या वायरींतून कधी सवड मिळाली नाही.

मुलीच्या लग्नात ते भोवलं. वऱ्हाड वारंगा फाट्याहून आलेलं, दिवस मे महिन्याचे. मामांच्या घरात कूलर, चहाची विजेची शेगडी, वरमाईची इस्त्री आणि शूटिंगवाल्याचे हॅलोजन एकदम सुरू झाले, आणि सोळा अँपिअरचा खटका पडला. पुन्हा वर केला, पुन्हा पडला. सफारीत घामाघूम झालेले व्याही म्हणाले, "बत्तीसचा टाकायला काहून अडून राहिले?" मामा बोर्डाला पाठ लावून उभे राहिले. "जाड वायर ओढतो, मग टाका. तोवर कूलर बंद."

"आमी उठून जाऊ, व्याही!"

"जा. पण धडधाकट जा."

मुंडावळ्या बांधलेली मुलगी दारात रडवेली झाली. "बाबा, एक दिवस तर सोडा ना!"

"एकच दिवस हाय, हे वायरीला कसं कळंल, बाई?"

लग्न लागलं, अल्बममधल्या प्रत्येक फोटोत व्याही रुमालाने मान पुसताना आहेत. पण त्यानंतर त्यांनी पुसेगावची पायरी चढली नाही. दिवाळीला मुलगी एकटीच यायची, आणि मामा तिची बॅग उचलताना रस्त्याच्या टोकापर्यंत पाहून घ्यायचे.

मामा गेले तेव्हा, तेराव्याला, व्याही पहिल्यांदा आले. घर माणसांनी भरलेलं, उन्हाळा तसाच. कुणी कूलर लावले, आत शेगडी पेटली आणि खटका पडला. "आता कोण अडवतंय? मोठा टाका," कुणीतरी म्हणालं. मामींनी मान खाली घातली.

व्याही उठले. आपल्यासमोरचा कूलर त्यांनी बंद केला, आतली शेगडी बंद करायला सांगितली, खटका वर केला. "ऱ्हाऊ द्या सोळाचाच," एवढंच म्हणाले आणि उपरण्याने वारा घेत बसले. थोड्या वेळाने, कुणाचं लक्ष नाही असं पाहून, त्यांनी भिंतीवरची वायर हळूच चिमटीत धरली.