आबांची शिट्टी

भुसावळच्या रेल्वे कॉलनीत आमच्या समोर एक निवृत्त गार्ड राहत. सगळे त्यांना आबा म्हणत. नोकरी संपली तरी शिट्टी गळ्यात राहिली होती. एका शिट्टीला त्यांचा मुलगा उठे, दुसरीला अभ्यासाला बसे, तिसरीला ताटावर. या शिस्तीचं एवढं कौतुक होतं, की गणपतीत त्यावर आबांचं व्याख्यान ठेवलं. टाळ्याही त्यांनी शिट्टी वाजवूनच थांबवल्या.

पुढे मुलगा कारखान्यात लागला. एका सकाळी आबा शिट्टी मुठीत धरून ओट्यावर बसलेले दिसले. कोपऱ्यावर कारखान्याची बस उभी होती. मुलगा घरात झोपलेला. पुन्हा उशीर झाला तर घरी बसवू, अशी ताकीद त्याला मिळाली होती.

"आबा, वाजवा की!" मी म्हणालो.

"किती दिवस वाजवू, भाऊ? लहानपणीच एखाद्या दिवशी शाळा बुडू द्यायला पाहिजे होती. आपला आपण उठायला शिकला असता."

बस निघून गेली. आबांची मूठ तशीच घट्ट होती.

बऱ्याच वेळाने मुलगा डोळे चोळत बाहेर आला. रिकाम्या कोपऱ्याकडे पाहून बापावरच उखडला, "आबा, आज शिट्टी का नाही वाजवली?"