सायमनचा शुक्रवार

वरसे गावातल्या आमच्या आळीत सायमनच्या छपरावरचा बांबू सगळ्यांत उंच. त्यावरच्या एरियलवर कावळे सभा भरवीत, आणि शेजारची सरू म्हणे, पाऊस कधी येणार तेवढं तरी विचारा त्या काठीला. सायमन रागवत नसे. दर शुक्रवारी, बायको शीरानं शब्बाथचा, म्हणजे ज्यूंच्या विसाव्याच्या दिवसाचा, दिवा लावायच्या आत, तो हौसेच्या वायरलेस सेटपुढे बसे आणि ऐकत असेल त्याला हाक घाली. पेणहून उत्तर देई तो आरोन, त्याचा धाकटा भाऊ. दिवा लागला की मग सेटला हात लावायचा नसे.

फोन दोघांकडेही होता, पण अबोला होता. आरोननं मुलीच्या लग्नाआधीचा मलिदा, घरच्यांनी एकत्र करायचा प्रसादाचा विधी, थोरल्याला न विचारता पेणला स्वतःच्या घरी केला. सायमन गेला नाही. पुढे फोन पहिला कुणी करायचा यावर दोघेही अडले. वायरलेसवर मात्र हाक जगाला असते. ती ऐकून उत्तर दिलं म्हणून कुणाची मान खाली जात नाही. हवा कशी, एरियल कुठे वळवलाय, एवढंच बोलत, पण बोलत.

मग वरसे वाढलं. धाटावच्या कंपन्यांतली माणसं राहायला आली. समोर इमारत उठली. घरोघरी स्वस्तातले दिवे, इन्व्हर्टर, चार्जर आले. सायमनच्या सेटमध्ये आधी चुरचुर, मग खरखर, मग कढईत मासे तळावेत तसा एकसारखा आवाज. पेणचा आवाज त्यात बारीक होत गेला आणि एका शुक्रवारी आलाच नाही.

आता सेट उघडून बसणारा माणूस आधी दिव्यांवर संशय घेईल की नाही? सायमननं भावावर घेतला. मलिद्याचं अजून धरून बसलाय, म्हणाला. तरी हाक चालूच ठेवली, आणि उत्तर आलं नाही की मोठ्यानं बटण बंद करी. ते आळीला ऐकू जाई. शीरा म्हणे, अहो, फोन लावा. तो म्हणे, धाकट्यानं लावावा.

परवाच्या शुक्रवारी वीज गेली. सगळ्या आळीचे पंखे थांबले. सायमनचा सेट जुन्या बॅटरीवर होता, आणि त्यातली खरखर मिटली. खोपोलीचा कुणी अनोळखी इसम आपल्या गुडघेदुखीबद्दल सांगत होता, शेजारी बसल्यासारखा स्वच्छ. खरखर आळीतल्याच दिव्यांची नि इन्व्हर्टरांची होती, हे सायमनला आता कळलं. दुखणं त्याच्याच कानाशी होतं. पेणच्या शांत कोपऱ्यात त्याचा आवाज नीट पोचत असणार, पेणचं तेवढं इथे बुडत होतं.

त्यानं हाक घातली. पुन्हा घातली. पेण गप्प. मग मलिदा, थोरलेपण, सगळं बाजूला ठेवून त्यानं फोन लावला. आरोनची बायको रेचल बोलली.

“रेचल गो, आरोनला म्हणावं सेटवर ये. आज ऐकू येतंय.”

“सेट कुठला, दादा? गेल्या महिन्यात देऊन टाकला. काठी पण उतरवली.”

“का?”

“दर शुक्रवारी तो तुम्हाला उत्तर द्यायचा. तुम्ही त्याचं ऐकून न ऐकल्यासारखं करून परत हाकच घालायचा. खूप दिवस बोलत राहिला तो. मग म्हणाला, दादा मला मुद्दाम तोंडघशी पाडतोय.”

सायमननं घाईघाईनं दिवे, इन्व्हर्टर, इमारत, सगळं सांगितलं. त्याचं त्यालाच ते सबबीसारखं वाटलं. मग म्हणाला, “त्याला फोन दे.”

फोन बाजूला झाल्याचं कळलं. रेचल लांब कुणाला काही समजावत होती. मग आरोनचाच आवाज, इतक्या महिन्यांनी, अगदी स्पष्ट.

“सांग त्याला, मला ऐकू येत नाय.”

तेवढ्यात वीज आली. पोरांनी आरोळी ठोकली, सरूच्या गॅलरीतली नवी माळ लुकलुकली आणि सेट पुन्हा तळायला लागला. फोन कधीच बंद झाला होता. आत शीरा काडी हातात धरून थांबली होती.

“अहो, दिवा लावू ना?”

सायमननं सेटचं बटण बंद केलं. या वेळी आवाज झाला नाही.